मागच्या दारावरची स्टेपनी: वजन जातं कोणत्या वाटेनं?

स्कॉर्पिओ, इनोव्हा, बोलेरो पिकअप या गाड्यांची स्टेपनी मागे, पोटाखाली केबलवर टांगलेली असते. डांबरी सडकेवर त्याचं कुणाला काही वाटत नाही. दांडा घालून केबल सोडायची, चाक खाली उतरतं, ओढून घ्यायचं. पण झडीच्या दिवसांत काळ्या मातीच्या पांदणीवर गाडी फसली आणि त्यातच टायर कापला गेला, तर हीच जागा वैरी होते. आपल्याकडची ही माती पाणी पिऊन फुगते, चाकाला थापा धरते, आणि गाडीचं पोट चिखलावर टेकलं की स्टेपनीही त्याच चिखलात रुतलेली असते. स्टेपनी लावायला गाडी उचलायची असते. इथं ती नुसती बाहेर काढायलाच आधी गाडी उचलावी लागते. त्यात केबलच्या पुलीत दोन पावसाळ्यांची माती सुकून बसलेली असेल, तर दांडा फिरतच नाही.

म्हणूनच जिप्सी, थार, गुरखा, जिमनी या गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर उभी बसवलेली असते. खेड्यापाड्यांत पोलीस पाटलापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांच्या दारात दिसणाऱ्या बोलेरोचीही तशीच. चाक हाताशी राहतं, आणि पोटाखालची जागा मोकळी झाल्यामुळे नाल्यातून वर चढताना गाडीची शेपटी जमिनीला घासत नाही. टपावर ठेवावी म्हटलं तर पंचवीस-तीस किलोचं धूड डोक्यावर चढवा-उतरवायचं, आणि वरचा बोजा वाढल्यामुळे कलत्या रस्त्यावर गाडी पलटायची भीती जास्त. जुन्या लँड रोव्हर बॉनेटवर स्टेपनी वागवत. तिथं समोरचं कमी दिसतं आणि इंजिन बघायचं म्हटलं की चाकासकट झाकण उचला. फिरून फिरून मागची बाजूच बरी ठरते.

जीपवाल्यांनी हा प्रश्न फार आधी हाताळला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी या जीपला मागे दार नव्हतंच. सरळ पत्रा, त्यावर एका अंगाला स्टेपनी आणि शेजारी इंधनाचा डबा, म्हणजे जेरीकॅन. चाकाचं वजन थेट बॉडीवर, मध्ये हलणारं काहीच नाही. १९४५ मध्ये शेतीवाडीच्या कामासाठी विलीजचीच सीजे-२ए ही जीप आली. सामान चढवायला तिला मागे उघडणारी फळी दिली, तशी स्टेपनी उचलून बाजूला गेली. बाजूची स्टेपनी मोकळ्या माळावर छान, पण दोन्हीकडून बाभळी आत झुकलेल्या पांदणीत ती प्रत्येक फांदीला अडते. पुढच्या गाड्यांनी मग उघडणाऱ्या दारावरच चाक टांगलं, आणि गुंता तिथून सुरू झाला. कारण आता जे वजन सांभाळायचं ते एका हलणाऱ्या वस्तूवर आलं.

वजनाची वाट

तालुक्याच्या ठिकाणी वेल्डिंगच्या दुकानात जाऊन मोठा टायर मागे लावायचा आहे म्हटलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "भाऊ, दोन पट्ट्या मारून देतो. काई होत नाई. हत्ती टांगला तरी पडत नाई." पट्टीच्या बाबतीत तो खरंच बोलतो. सहा मिलिमीटरची पट्टी चाकाच्या वजनानं तुटत नाही. तुटतो तो पट्टीच्या मागचा पत्रा. म्हणून पट्टी किती जाड हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, हे वजन चेसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, कोणत्या वाटेनं जाणार?

चेसीवर बॉडी बसवलेल्या गाडीत, म्हणजे बोलेरो-थारसारख्या गाडीत, ही वाट अशी आहे. चाकाचं वजन स्टडवर (चाक ज्यांवर नटांनी आवळतात ते आट्यांचे दांडे), स्टडवरून ब्रॅकेटवर (स्टड धरणारा लोखंडी आधार), ब्रॅकेटवरून दाराच्या आतल्या पत्र्यावर. दारावरून ते एका बाजूला बिजागऱ्यांवर आणि दुसऱ्या बाजूला कुलपावर वाटलं जातं. तिथून बॉडीच्या मागच्या खांबांवर, फरशीच्या पत्र्यावर, बॉडीखालच्या रबरांवर, आणि मग कुठं चेसीवर. या वाटेवर सगळ्यात कच्चा दुवा जो असेल तेवढीच तुमच्या स्टेपनीची मजबुती. कंपनीनं दाराच्या आत जादा पत्रा घालून, बिजागऱ्या जाड करून हा हिशोब एका ठरावीक वजनासाठी केलेला असतो. आपण चाक बदललं की हिशोब बदलतो, पण दार तेच राहतं.

दार उघडल्यावर काय होतं ते आकड्यांत बघा. चाक ३० किलोचं धरू. दार पूर्ण उघडलं की चाकाचा मध्य बिजागरीपासून साधारण ४० सेंटीमीटर दूर असतो. वरच्या आणि खालच्या बिजागरीत तितकंच, ४० सेंटीमीटर अंतर आहे असं समजा. मग चाक दाराला खाली ओढतंच, पण शिवाय वरची बिजागरी बाहेर खेचली जाते आणि खालची आत दाबली जाते, दोन्हीकडे ३०-३० किलोच्या जोरानं. दाराचं स्वतःचं वजन त्यात वेगळं. चाक ४५ किलोचं झालं की हा ओढाही ४५ चा झाला. वरच्या बिजागरीचे बोल्ट आधी ढिले पडतात ते यामुळेच, आणि दाराला मूल लटकलं की आई ओरडते तेही बरोबरच आहे.

हे झालं गाडी उभी असताना. मागचं चाक खड्ड्यात आपटून वर येतं तेव्हा शेपटी झटक्यात उचलली जाते, आणि स्टेपनी तिथंच राहायला बघते. त्या क्षणी ब्रॅकेटवर तिच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर येणं अगदी साधी गोष्ट आहे. म्हणजे ३० किलोच्या चाकाचा ६० ते ९० किलो, आणि तोही एकदा नाही. मेळघाटातली घाटवाट घ्या, नाहीतर भामरागडकडचा दगडी रस्ता. तासाभरात असे शेकडो झटके बसतात. एका झटक्यानं लोखंड तुटत नाही. ते थकतं. बोल्टच्या भोकाची कड, वेल्डिंगचा काठ, काटकोनात कापलेला कोपरा अशा ठिकाणी केसाएवढी चीर पडते, प्रत्येक झटक्याला थोडी पुढे सरकते, आणि एक दिवस ब्रॅकेट पत्र्याचा तुकडा घेऊन हातात येतं. "काल तर चांगलं होतं" असं मग सगळेच म्हणतात. काल ते तीन चतुर्थांश तुटलेलं होतं.

चाक आणि दार यांच्यात जरा जरी हालचाल असली तर थकवा कितीतरी लवकर येतो, कारण मग जोर नुसता ओढत नाही, हातोड्यासारखा आदळतो. ब्रॅकेटवर चाकाच्या मागे रबरी ठोकळे असतात ते यासाठीच. चाक आवळल्यावर टायर त्या रबरांवर चांगला दाबून बसला पाहिजे. दार लागताना कुलपाच्या बाजूला जो आधाराचा ठोकळा असतो, त्याचंही काम तेच: दाराला वर-खाली हलू न देणं. हे रबर पन्नास-शंभर रुपयांचं असतं आणि सगळ्यात आधी हरवतं.

गाडी मागून उलाळ होते

जुन्या लोकांना बैलगाडी भरताना हे कळत होतं. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. मोटारगाडीचंही गणित हेच आहे, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

जिप्सीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २३७५ मिलिमीटर, जिला आपण ढोबळ २.४ मीटर म्हणू. मागच्या आसापासून (अ‍ॅक्सलपासून) स्टेपनी एक मीटर मागे टांगली आहे असं धरा. मोठा टायर ४० किलो, त्याला धरायला केलेला लोखंडी कॅरिअर ४० किलो, शेजारी पेट्रोलनं भरलेला २० लिटरचा कॅन (पेट्रोलच १५ किलोच्या आसपास, वर डबा) असे मिळून १०० किलो मागे लावले. मागच्या आसावर किती वाढले? शंभर नाही. एकशे बेचाळीस. आणि पुढच्या आसावरून बेचाळीस किलो कमी झाले. चढावर पुढची चाकं आधीच हलकी असतात; त्यात हे. स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं, ओल्या मुरुमावर गाडी वळणाबाहेर जाते. शेपटी बसल्यानं हेडलाइटचा झोत वर जातो आणि रात्री समोरून येणारा मोटारसायकलवाला शिव्या देत रस्त्याखाली उतरतो.

शेपटी बसली म्हणून लोक मागे स्प्रिंगचा एक पाटा जास्त टाकतात. उंची परत येते, पण गाडी कडक होते, झटके आणखी जोरात बसतात, आणि ते सगळे पुन्हा स्टेपनीच्याच ब्रॅकेटवर जातात. माझं स्पष्ट मत आहे की रोज शेतापर्यंत आणि महिन्यातून एकदा जंगलात जाणाऱ्या माणसाला मागे जेरीकॅनची काहीच गरज नाही. पेट्रोल पंप आता वीस-पंचवीस किलोमीटरवर सापडतो. डबा फोटोत चांगला दिसतो, एवढंच.

मोठा टायर लावला की

बहुतेकांच्या अडचणी कंपनीच्या स्टेपनीनं येत नाहीत, टायर मोठा केल्यावर येतात. जिप्सीचा मूळचा २०५/७० आर १५ टायर उंचीला ६६८ मिलिमीटर भरतो. लोक हौसेनं ३१ बाय १०.५ इंचांचा टायर घालतात, तो ७८७ मिलिमीटर. म्हणजे मध्यापासून खाली सहा सेंटीमीटर जास्त. ब्रॅकेट आहे तिथंच ठेवलं तर टायर बंपरला टेकतो आणि दार लागत नाही. रुंदीही २०५ ची २६७ मिलिमीटर झाली. रबराला जागा हवी म्हणून ब्रॅकेट मागे घ्यावं लागतं. ब्रॅकेट दोन इंच मागे गेलं की वजन तर वाढलंच, वर ते दारापासून आणखी लांब गेलं. एकाच वेळी दोन्ही वाढतात हे लक्षात घ्या. दाराला बसणारा पीळ वजन आणि अंतर यांच्या गुणाकारानं वाढतो.

रिमची खोलीही बघायची. आत जास्त वळलेली रिम असेल तर तिचा बसायचा भाग आणि टायरची आतली कड यांच्यातलं अंतर बदलतं. मग एक तर टायर रबराला पोचतच नाही आणि चाक नुसतं स्टडवर डुलतं, किंवा टायर आधी टेकतो आणि रिम स्टडवर पूर्ण बसत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण नट आवळल्यासारखा वाटतो पण धातूवर धातू बसलेला नसतो. आठवड्यात ढिला होतो.

स्टेपनी लहान ठेवून हा सगळा त्रास वाचवू असा विचारही काही जण करतात. चार मोठे टायर खाली, जुना लहान मागे. फोर-व्हील ड्राइव्हच्या गाडीत हे करू नका. पुढचा आणि मागचा आस एकत्र जोडलेले असताना एक चाक लहान असेल तर ते सारखं वेगळ्या वेगानं फिरायला बघतं आणि तो ताण गिअर-शाफ्टवर साठत जातो. पंक्चर झालेल्या जागी लहान चाक लावून चिखलातून फोर-व्हीलमध्ये निघालात, की पुढचा खर्च टायरच्या कितीतरी पट.

मग मोठा टायर ठेवायचाच असेल तर? दाराला वजन देणं बंद करायचं, हा खरा उपाय. त्यासाठी मागच्या बंपरवर वेगळा फिरता कॅरिअर बसवतात. एक उभा खुंट, त्याभोवती फिरणारा हात, हातावर चाक. दार उघडायच्या आधी हात बाजूला फिरवायचा. इथं वजनाची वाट एकदम छोटी होते: स्टडवरून हातावर, हातावरून खुंटावर, तिथून बंपर आणि सरळ चेसी. पत्र्याचं दार या वाटेत येतच नाही.

हा कॅरिअर आपल्याकडे चांगला बनू शकतो, कारण ट्रॅक्टर ट्रॉली बनवणारे कारागीर गावोगाव आहेत आणि हब-बेअरिंग त्यांना पाठ असतं. पण तीन-चार गोष्टींवर त्यांच्याशी वाद घालायची तयारी ठेवा. पहिली, खुंट. नुसता पाईपमध्ये पाईप घालून ग्रीस भरलं तर दोन महिन्यांत हात खाली झुकतो. खुंटावर वर एक आणि खाली एक अशी दोन टेपर बेअरिंग हवीत, ट्रॉलीच्या हबमध्ये असतात तशी, आणि वर चिखल आत जाऊ नये म्हणून सील. दुसरी, कुलपाची बाजू. हात बंद झाल्यावर त्याचं टोक एका उतरत्या ठोकळ्यावर चढून बसलं पाहिजे, म्हणजे गाडी चालताना वजन दोन टोकांवर वाटलं जातं. नुसती कडी लावली तर सगळं वजन एका खुंटावरच लटकत राहतं. कडी ताणून घट्ट बसणारी, आणि तिला एक सुरक्षेची पिन. तिसरी, उघडा हात अडवायची सोय. उतारावर गाडी उभी असताना ७० किलोचा हात आपोआप फिरून आला तर बोटं सपाट होतात. पिन किंवा गॅसचा दांडा, काहीतरी हवंच.

आणि लोखंड कापायच्या आधी वजन करा. ५० बाय ५० चा, पाच मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप मीटरला जवळपास सात किलो भरतो. चार मीटर लागला की २८ किलो नुसत्या पाईपाचे. चार मिलिमीटर जाडीचा घेतला तर मीटरला पावणेसहा. "मजबूत पाहिजे" म्हणून जाड घेत जायचं आणि मग शेपटी बसली म्हणून पाटे वाढवायचे, याला अर्थ नाही. मजबुती जाडीपेक्षा कोपऱ्यातल्या तिरक्या आधारातून जास्त येते. सांधा जिथं वाकणार तिथं तिकोनी पट्टी, तिचे कोपरे गोल, आणि वेल्डिंग पट्टीच्या टोकाला अचानक न थांबवता वळवून घेतलेलं. पाईपची तोंडं बंद करा, खालच्या बाजूला पाणी निघायला छोटं भोक ठेवा. नाहीतर पाईप आतून सडतो आणि वरून रंग चकाकत राहतो.

गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीच्या तारा काढायच्या, हे नव्या गाड्यांत फार महत्त्वाचं. नाहीतर इंजिनचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायचा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. दाराच्या पातळ पत्र्यावर जाड रॉडचं साधं आर्क वेल्डिंग करू देऊ नका. पत्रा जळतो, वितळून पातळ होतो, आणि नवी चीर तिथूनच सुरू होते. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग बरं. जिल्ह्याच्या ठिकाणी बॉडी शॉपमध्ये ते असतं. चीर पडलेलीच असेल तर तिच्या टोकाला आधी तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडून ती थांबवायची, मग भरायची, मग आतून मोठा पत्रा लावून वजन पसरवायचं. नुसती वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर चीर त्या लांबीच्या खाली चालत राहते.

कायद्याचं थोडक्यात

कंपनीतूनच स्टेपनी मागे आली असेल तर काही प्रश्न नाही. नंतर बसवलेल्या कॅरिअरबाबत मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ लागू होतं. गाडीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे लोखंड कापायच्या आधी आपल्या आरटीओत विचारून घ्या. नंबर प्लेट, मागचे दिवे आणि ब्रेकलाइट टायरआड जाता कामा नयेत, हे तर रस्त्यावरच्या शिपायालाही दिसतं. प्लेट हलवायची असेल तर तिच्यावर दिवा पडेल अशा जागीच हलवा.

स्टेपनी मुळात हवीच का, असंही कुणी विचारेल. २०२० मध्ये नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. नागपूरच्या रिंग रोडवर हे चालून जाईल. पऱ्हाटी काढलेल्या वावरातून किंवा तूर कापलेल्या धुऱ्यावरून गाडी घातली की जमिनीत उरलेली खुंटं टायरच्या बगलेत शिरतात, आणि बगल फाटली की किटमधली पट्टी तिथं टिकत नाही. तिथं अख्खं चाकच लागतं.

उन्हातली स्टेपनी

मागे लावलेल्या स्टेपनीला एक रोग आहे जो पोटाखालच्या स्टेपनीला होत नाही: ऊन. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि घरासमोर उभ्या गाडीची मागची बाजू रोज त्याच दिशेला असली तर टायरची एकच बाजू तापत राहते. रबर कडक होतं, बगलेवर बारीक भेगा येतात. नक्षी कोरी करकरीत, पण टायर म्हातारा. तो कधीचा आहे हे बगलेवर लिहिलेलं असतं: चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सेकंडहँड गाडी घेताना हे चार आकडे आधी वाचा.

यावर सोपा तोडगा म्हणजे पाचही चाकं आळीपाळीनं खाली आणणं. दर दहाएक हजार किलोमीटरला स्टेपनी एका जागी लावायची आणि तिथलं चाक मागे. पाचही सारखे झिजतात, आणि फोर-व्हीलवाल्यांना वर सांगितलेला लहान-मोठ्या चाकाचा त्रासही होत नाही. कव्हर लावायचं असेल तर लावा, पण खाली पाणी जायला भोक असलेलं. आणि कव्हर काढताना हात घालायच्या आधी आत काठीनं ठोकून बघा. उन्हाळ्यात रिमच्या पोकळीत गांधीलमाश्या घर करतात, आणि पंक्चरच्या वेळी तोंड सुजवून घेणं परवडत नाही.

हवा महिन्यातून एकदा, सकाळी थंड असताना. तापमानात दर दहा अंशांच्या फरकाला दाब साधारण दीड पीएसआयनं बदलतो. दुपारी तापलेल्या टायरमध्ये बरोबर भरलेली हवा पहाटे कमी निघते. स्टेपनीत दोन-तीन पीएसआय जास्त ठेवायला हरकत नाही. लागली तेव्हा कमी करता येते. जंगलात वाढवायला पंप कुठून आणणार?

चढवताना

एकट्या माणसानं तीस किलोचं चाक उचलून स्टडवर बसवणं हा कंबरेचा खेळ आहे. चाक दारापाशी उभं करा, खाली एक सब्बल किंवा जाड दांडा आडवा सरकवा, दांड्याच्या मध्याखाली एक दगड, आणि दुसऱ्या टोकावर पाय देऊन चाक वर उचला. हात मोकळे राहतात, त्यांनी भोकं स्टडसमोर आणायची. सगळ्यात वरच्या स्टडवरचा नट आधी लावा. एकदा चाक वरच्या स्टडवर टांगलं की बाकीचे आरामात बसतात. उलट काढताना वरचा नट शेवटी.

नट टेपर असेल, म्हणजे एका बाजूनं निमुळता, तर निमुळती बाजू रिमकडे. उलटा लावलेला नट आवळलेला वाटतो, पण तो भोकात मध्यावर बसत नाही. तो स्टडवर किती फेरे घेतो तेही मोजा. १२ मिलिमीटरचा, दीड पिचचा (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलेला) स्टड असेल तर नट किमान आठ पूर्ण फेरे गेला पाहिजे. जाड रिम किंवा मधला स्पेसर (मध्ये घातलेली जाड चकती) यामुळे पाच-सहाच फेऱ्यांत तो बसत असेल, तर लांब स्टड घ्या. बोल्ट बदलत असाल तर डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा कोरलेला घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट पलंगाला चालतो.

नट थोडे थोडे, समोरासमोर आवळत न्या. एकच पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर रिम तिरकी बसते. शेवटी दोन्ही हातांनी टायर वर आणि खाली धरून जोरात हलवा. चाक आणि दार एकत्र हललं पाहिजे, चाक वेगळं हलता कामा नये. मग दार उघडून त्याचं मोकळं टोक वर उचलून बघा. कट्ट आवाज आला किंवा टोक बोटभर उचललं गेलं, तर बिजागरीची पिन झिजली आहे. दार लावताना ते उचलून लावावं लागत असेल, बिजागरीच्या बोल्टाभोवती रंग उडून लोखंड चकाकत असेल, किंवा रंगाखालून गंजाची बारीक तांबडी रेघ उतरत असेल, तर नट आवळून काही होणार नाही. दार खोलून आतला पत्रा बघावाच लागेल.

नवीन काम केलं असेल तर पहिल्या कच्च्या रस्त्याच्या फेरीनंतर सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळा. रंग आणि रबर दबून बसतात, तेवढी ढील पडतेच. चोरीची भीती असेल तर एक नट कुलपाचा टाका, पण त्याची चावी गाडीतच, जॅकच्या पिशवीत राहू द्या. घरातल्या कपाटात ठेवलेल्या चावीनं पांदणीवरची स्टेपनी निघत नाही.